गिरणीच्या ओट्यावरची आडवी बाटली

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. ते गिरणीतल्या पिठासारखे असतात. आपण नुसतं जाऊन बसायचं. घरी येईपर्यंत केसांवर, भुवयांवर, ओढणीवर थर साचलेला असतो. आई दारातच अडवते, "आधी झटकून ये." पीठ झटकता येतं. किस्से काही झटकता येत नाहीत!

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडे. गावात गिरणी एकच, सत्यभामाकाकूंची. काका वारल्यापासून काकू स्वतःच पट्टा चढवतात, स्वतःच दळतात. त्यांचा आवाज गिरणी चालू असतानाही ऐकू येतो. बंद असताना तर विचारूच नका. आणि गिरणी बऱ्याचदा बंदच असते, कारण आमच्याकडे लाईट येते कमी आणि जाते जास्त.

लाईट गेली की बायका घरी जात नाहीत. डब्यांची रांग मोडायला नको ना! डबे आत रांगेत आणि बायका बाहेर ओट्यावर. मग बोलणं सुरू होतं. गावात त्याला नावच पडलंय. कुणी विचारलं, "कुठं गेली तुझी आई?" तर उत्तर येतं, "लाईट गेलीय. सभेला बसली आसंल."

मी फारशी बोलत नाही. घरात पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाते आणि पाहुणे स्वयंपाकघरात आले की परसात. पण याचा एक फायदा आहे. न बोलणारी मुलगी शेजारी बसलीय हे बायका विसरून जातात. आणि मग त्या सगळं बोलतात!

*

गेल्या वर्षीची गोष्ट. लाईट गेली होती. मंदामावशी डब्यावर हात ठेवून गप्प बसली होती. ही मावशी म्हणजे माझी मैत्रीण प्रतीक्षा, तिची आई. एरवी सगळ्यात जास्त हसवणारी. ती गप्प म्हटल्यावर काकूंनी विचारलंच, "काय झालं गं मंदे?"

"पोरीची शाळा बंद केली मालकांनी."

आमच्या गावातल्या मुली ताडकळसला शाळेत जातात. एसटी फाट्यावर मिळते. आणि फाट्यावर, थांब्याला लागूनच, रंगनाथशेठचं देशी दारूचं दुकान आहे. सरकारमान्य. सकाळी आम्ही बसची वाट बघत असतो तेव्हा तिथे रात्रीचे काही लोक अजून झोपलेले असतात. संध्याकाळी उतरतो तेव्हा ते जागे असतात. जागे असतात ते जास्त वाईट.

"मालक म्हनले, फाट्यावर दारुडे आसत्यात, पोरगी पाठवायची न्हाई."

"मग बरोबरच हाय की त्याचं," कुणीतरी म्हणालं.

"बरोबरच हाय," मंदामावशी म्हणाली. "त्यातलाच एक रोज घरी यायलाय, मला माहीत न्हाई का?"

सगळ्या खळखळून हसल्या. मग हळूहळू एकेक जण हसायची थांबली. मीही थांबले, कारण माझे बाबासुद्धा आदल्याच आठवड्यात म्हणाले होते, "दहावीनंतर बघू. तिला मामाकडं पुण्याला धाडू, न्हाईतर घरी बसू दे. ह्या फाट्यावर न्हाई जायचं आता." म्हणजे प्रतीक्षा घरी आणि मी पुण्याला. आणि मला तर इथून कुठेच जायचं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "हसून झालं आसंल तर आता बोला. माज्या माहेरी बायांनी असलंच दुकान बंद केलंय. मत टाकून. तर आता ठरलं बगा, आपुनबी..."

आणि लाईट आली!

"कुनाचा नंबर हाय?" काकू आत पळाल्या. सगळ्या डब्यांकडे पळाल्या. आमच्या गावची क्रांती अर्ध्या वाक्यात राहिली. आपण काय ठरवलंय हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही! दुसऱ्या दिवशी लाईट गेली तेव्हा काकू ओट्यावर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "...मतदान मागायचं."

*

मतदानाचा नियम काकूंनी सगळ्यांना समजावून सांगितला. आधी बायकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. साहेब येऊन सह्या तपासणार. मग गावातल्या फक्त बायकांचं मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत. निम्मी म्हणजे आलेल्या बायकांच्या निम्मी नाही, तर मतदार यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांच्या!

"म्हंजी जी आलीच न्हाई तिचं?" आईनं विचारलं.

"तिचं गेलं दुकानाला. घरी बसलेली बाई शेठच्या गल्ल्यावर बसल्यावानीच हाय."

सह्या तपासायला साहेब आले त्या दिवशी शाळेत गर्दी झाली. घरोघरी नवऱ्यांनी दम भरला होता, सही माझी नाही म्हणून सांग. मंदामावशीचा नंबर आला. साहेब चांगले होते. त्यांनी नीट विचारलं, "ताई, ही सही तुमचीच का?"

मावशीनं मागे वळून पाहिलं. दारात बालाजीकाका उभे होते, म्हणजे तिचे मालक. मावशी म्हणाली, "सही माजी हाय साहेब. 'न्हाई' म्हनायचंय ते ह्यांचं हाय. दोन्ही लिहून घ्या!"

*

मला चित्रं बरी काढता येतात. म्हणून काकूंनी मला काम दिलं. खोक्याच्या मोठ्या पुठ्ठ्यावर दोन बाटल्या काढायच्या, एक उभी, एक आडवी. वाचता न येणाऱ्या बायकांना समजावं म्हणून.

मी दोन दिवस खपले. काचेवरची चमक दाखवली, सावली दाखवली. लाईट गेल्यावर काकूंनी पुठ्ठा भिंतीला टेकवला आणि गयाआजीला पुढे बोलावलं. गयाआजी ओट्यावरची सगळ्यात म्हातारी बाई. तिनं शब्द दिला की बाकीच्या म्हाताऱ्या मागे येतात.

"आजी, दाखीव बरं. मत कुठं देनार?"

आजीनं चष्मा वर केला, दोन्ही बाटल्या निरखून पाहिल्या आणि बोट ठेवलं. उभ्या बाटलीवर!

"आगं ती न्हाई! दुकान बंद करायचंय ना?"

"करायचंच हाय की."

"मग आडवीला द्यायचं!"

"आडवीला कामून? आडवा म्हंजी पिऊन पडलेला. उभा म्हंजी शुद्धीवर. मला घरात शुद्धीवरचा मानूस पायजे. मी उभ्यालाच देनार!"

मग एकेक म्हातारी मान हलवायला लागली. "बरोबर हाय की." "आडव्याला कोन मत देतंय?" "आमच्यात तर रोज एक आडवाच आस्तो, आजून मत देऊन वाढवायचे का?"

काकूंची वाचा बसली. काकूंची! मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या सगळ्या म्हाताऱ्या उत्साहानं जाऊन उभ्या बाटलीवर शिक्का मारणार होत्या, आणि दुकान बंद व्हावं म्हणूनच मारणार होत्या!

शेवटी मंदामावशी घरी गेली आणि खरी रिकामी बाटली घेऊन आली. "आमच्यात कमी न्हाईत," म्हणाली. बाटली तिनं ओट्यावर उभी केली, तिच्यासमोर स्वतः आडवी झाली आणि घोरायला लागली. मग उठली, बाटली आडवी केली, आणि पदर खोचून ताठ उभी राहिली.

गयाआजी बराच वेळ बघत राहिली. "म्हंजी दोघांतलं एक आडवं व्हायलाच पायजे? बाटली, न्हाईतर बाप्या?"

"हां आजी."

"दोगंबी उभे ऱ्हात न्हाईत?"

"तूच सांग. उभ्या जन्मात बगितलेस का कवा?"

आजीनं विचार केला. "मग बाटलीच आडवी होऊ द्या. बाप्याला उचलाया लय तरास होतोय."

*

रंगनाथशेठची बायको लताबाई. तीही दळण घेऊन यायची, पण ओट्यावर बसायची नाही. पायरीच्या खाली, कडुनिंबाच्या सावलीत उभी राहायची. ती आली की सभेचा विषय बदलायचा.

एकदा काकू रंगात आल्या होत्या. "तर बायांनो, डोळे मिटून शिक्का मारू नका. आडवी म्हंजी आडवी..." एवढ्यात लताबाई डबा घेऊन समोर! काकूंनी एक क्षणही दम घेतला नाही. "...आडवी ठेवायचीच न्हाई लोणच्याची बरणी! तेल सगळं सांडतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जणू आम्ही सकाळपासून कैऱ्यांवरच बोलत होतो.

लताबाईनं डबा रांगेत ठेवला, बाहेर आली आणि सावलीतूनच म्हणाली, "बरणीचं आसंल तर आडवी ठेवू नका. बाकीचं तुमचं चालू द्या."

आणि निघून गेली. काकू त्या दिवशी लाईट आल्यावरसुद्धा थोडा वेळ बसूनच होत्या.

*

मध्ये पुण्याहून मामा आला. गाडी घेऊन. मला कॉलेजसाठी पुण्याला न्यायचं त्याच्या मनात पक्कं होतं. जेवताना तो बोटांवर मोजायला लागला, "ताई, इथं ठेवलंय काय पोरीसाठी? पाणी आठवड्यानं येतं. लाईट नाही. रस्त्याला खड्डे. पोरींची लग्नं लवकर. फाट्यावर दारू. एक चांगली गोष्ट सांग मला इथली!"

आईनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. मामा खोटं काहीच बोलत नव्हता. पण पाचही बोटं मिटून झाल्यावर तो म्हणाला, "बरं, ज्वारी दळून देशील ना? आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीला चवच नसते."

दळण घेऊन आम्ही गिरणीवर गेलो आणि लाईट गेली. मामा वैतागला. "बघ, हेच म्हणतो मी!" पण डबा रांगेत होता. मग काय, बसला ओट्याच्या कडेला, मोबाईल काढून. रेंज नव्हती. मोबाईल खिशात गेला.

ओट्यावर गयाआजी सांगत होती की तिच्या लग्नात नवरदेवाकडचा एक पाहुणा पिऊन बोहल्यावर चढला आणि अंतरपाट दूर झाला तर समोर दोन नवरदेव! मामा आधी नुसता कान देत होता. मग वळून बसला. मग चप्पल काढून मांडी घालून बसला. "मग? हार कुणाला घातला आजी?"

आणि लाईट आली! सगळ्या आत.

"आजी, थांबा! पुढं काय झालं?"

काकू आतून ओरडल्या, "पुडलं आता पुडल्या लाईटीला!"

मामा ज्वारीचं पीठ घेऊन पुण्याला गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मला वाटलं, कॉलेजचं विचारणार. तर म्हणाला, "काय गं, लाईट गेली होती का?"

"रोज जाते, मामा."

"मग? हार कुणाला घातला?"

मी सांगितलं. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाला, "आमच्याकडं लाईट जातच नाही गं."

माझ्या पुण्याला जाण्याबद्दल तो त्यानंतर काही बोलला नाही. पण बाबा बोलत होते. दुकान होतं तिथेच होतं.

*

रंगनाथशेठ हुशार माणूस. घरी बसलेली बाई आपल्या फायद्याची, हे त्यालाही कळत होतं. पण बायका घरी बसणार नाहीत हेही कळत होतं. म्हणून त्यानं मतदानाच्या दिवशीच म्हाताऱ्यांसाठी माहूरच्या देवीची फुकट सहल काढली. जीप, जेवण, नारळ, सगळं शेठकडून!

गयाआजी आयुष्यात कधी माहूरला गेली नव्हती. दरवर्षी कुणीतरी नेतो म्हणायचं आणि कुणी न्यायचं नाही. आदल्या दिवशी ती ओट्यावर आली तेव्हा नवं लुगडं दाखवायलाच आली होती. "मी जानार बाई. पुडल्या साली हाय का न्हाई कुनाला ठावं?"

काकूंनी तिला काहीच म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही. देवीला जाऊ नको असं कसं म्हणायचं? पण आजी गेली म्हणजे तिच्या मागच्या सगळ्या म्हाताऱ्या गेल्या. आणि त्या गेल्या म्हणजे आमची शाळा गेली.

सकाळी जीप पारापाशी आली. ड्रायव्हर बाहेरगावचा, मोठ्या मिशांचा. म्हाताऱ्या एकेक करून चढल्या. गयाआजी पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चल बाबा. आधी शाळेत घे."

"शाळेत? आजी, माहूर इकडं हाय."

"माहूर कुटं पळून जातंय? आधी शाळेत घे."

"शेठनी सांगितलंय, दिवसभर गावात आणायचं न्हाई म्हनून!"

"मग आमी कुटं गावाभायेर गेलाव आजून? जाऊ तवा परत आनू नको!"

ड्रायव्हर विचारात पडला. त्याला दुसरीही गोष्ट सांगितलेली होती, म्हाताऱ्या म्हणतील तिथे थांबव, कुरकूर ऐकायला नको. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि जीप शाळेकडे वळवली. सगळ्या उतरल्या, रांगेत उभ्या राहिल्या, शिक्के मारून आल्या. मग आजीनं जीप वरच्या आळीला नेली, कारण तिथल्या दोघींना चालवत नव्हतं. मग खालच्या आळीला, तिथे एक बाळंतीण होती, कानाला फडकं बांधून बाळासकट आली. शेठच्या जीपमधून आमचं अर्धं मतदान झालं!

आणि मग जीप खरोखर माहूरला गेली. शेठच्याच डिझेलवर.

परत आल्यावर मी आजीला विचारलं, "देवीपुढं काय मागितलं?"

"मागू कशाला?" आजी म्हणाली. "सांगून आले. म्हनलं, आमचं आमी केलंय, आता तुजं तू बग."

*

मतदानाच्या दिवशी सरकारी नियमानं दुकान बंद होतं. त्यामुळे बालाजीकाका त्या दिवशी पूर्ण शुद्धीवर होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. मी त्यांना असं फार दिवसांनी पाहिलं. ते रांगेच्या कडेनं चालत मंदामावशीपाशी आले. रांगेत सगळ्यांचे कान टवकारले. आता हे दम देणार!

काका चपलेनं माती उकरत म्हणाले, "मंदे, मला मत आसतं तर मीबी आडवीलाच दिलं आसतं."

मावशी बघतच राहिली. "खरं?"

"आज खरं. आज दुकान बंद हाय तवर इचारून घे. उद्या इचारलंस तर दुसरंच सांगीन."

रांगेत कुणी हसलं नाही. मावशी पण नाही. तिनं फक्त पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि एक पाऊल पुढे सरकली.

*

मतमोजणी संध्याकाळी शाळेतच. आत साहेब, बाहेर मैदानात सगळं गाव. आणि ऐन मोजणीत लाईट गेली!

साहेब दारात आले. "जरा थांबावं लागेल, ताई."

"थांबू की," काकू म्हणाल्या. "आमाला काय नवीन हाय?" आणि बायका मैदानातच गोल करून बसल्या. सवयीनं! पण बोलली मात्र कुणीच नाही. लाईट गेली आणि सभा गप्प बसली, असं पहिल्यांदाच झालं. प्रतीक्षानं माझा हात धरला होता. तिची नखं रुतत होती, पण मी हात काढला नाही.

शेवटी साहेबांनी मोबाईलचे टॉर्च लावून मोजणी पुरी केली. बाहेर येऊन त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आडवी बाटली निवडून आली आहे."

तोच माझ्या कानाशी एवढ्या जोरात शिट्टी वाजली की मी दचकून उडाले. ज्वारीवरची पाखरं हाकलायला शेतात मारतात तसली, दोन बोटं तोंडात घालून. वळून पाहिलं तर आई!

माझी आई, जी पाहुण्यांसमोर पाणीसुद्धा आवाज न करता ठेवते, ती!

मी बाबांना म्हटलं, "आईला शिट्टी येते हे मला माहीतच नव्हतं."

बाबा तिच्याकडेच बघत होते. "मला तरी कुटं माहीत होतं?" म्हणाले. आणि थोड्या वेळानं, तिच्याकडेच बघत, "पुण्याचं राहू दे आता. ताडकळसलाच जा."

लोक विचारतात, तुमच्याकडे आहे काय? पाणी अजून आठवड्यानंच येतं. रस्ता आहे तसाच आहे. माझ्याच वर्गातल्या एका मुलीचं लग्न दिवाळीत होऊन गेलं आणि ते आम्हाला कुणाला थांबवता आलं नाही. हे सगळं मला माहीत आहे. पण त्या संध्याकाळी अंधारात, शिट्ट्यांच्या आणि हसण्याच्या गोंधळात उभी असताना मला वाटलं, या वेळी मी दुसरीकडे कुठे असते तर किती वाईट झालं असतं!

*

दुकानाला सील लावायला साहेब आले तो दिवस शाळेचा होता. आम्ही मुली सकाळी फाट्यावर बसची वाट बघत होतो. प्रतीक्षासुद्धा होती, गणवेशाला इस्त्री करून. गावातले निम्मे लोक जमले होते. काकू गिरणी बंद ठेवून आल्या होत्या. लाईट असताना!

साहेबांनी आतला माल बाहेर काढून घेतला, कागदांवर सह्या घेतल्या, शटर खाली ओढलं. मग म्हणाले, "शेठ, कुलूप द्या."

रंगनाथशेठ हाताची घडी घालून उभा होता. "कुलूप हरवलंय."

"दुसरं असेल."

"न्हाई."

"मग काय करायचं?"

"उद्या या. आणून ठेवतो."

साहेब इकडे तिकडे बघायला लागले. फाट्यावर कुलूप मिळण्यासारखं दुकान नव्हतं. ताडकळसला जाऊन आणायचं तर तेवढ्या वेळात शटर उघडं. लोक कुजबुजायला लागले. आज राहिलं म्हणजे उद्या राहील आणि उद्या राहिलं म्हणजे राहिलंच. शेठच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलेलं मला स्पष्ट दिसलं.

शेठचं घर दुकानाच्या अगदी मागे. दोन्हींची भिंत एकच. रात्री दुकानातून उठलेले लोक त्या घराचंही दार बडवायचे. त्या बोळातून लताबाई आली. तिच्या मागे तिच्या दोन्ही मुली, धाकटी तिचा पदर धरून. लोकांनी वाट करून दिली. ती नवऱ्याकडे न बघता सरळ साहेबांपाशी गेली आणि पदराखालचा हात बाहेर काढला.

हातात कुलूप होतं. चांगलं मोठं, पितळी. रोजच्या वापरानं कडा घासून चकचकीत झालेलं. किल्ली त्यालाच लावलेली.

"हे घ्या साहेब," लताबाई म्हणाली. "घराच्या आतल्या कडीचं हाय. आता घराला लागायचं न्हाई."